आकाशाचा रंग ल्यालेली विमाने : सिडने कॉटन

युद्धातील विमान म्हटले की तोफा आणि बॉम्ब डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु दुसऱ्या महायुद्धात अशीही विमाने उडत होती, की ज्यांच्यावर एकही बंदूक नव्हती. ज्यांचे सारे संरक्षण वेगात, उंचीत आणि अंगावर चढविलेल्या रंगात सामावले होते. कुणी फिकट हिरवे, कुणी निळे, तर कुणी चक्क गुलाबी! शत्रूच्या मुलखाची छायाचित्रे टिपणाऱ्या या विमानांची परंपरा ज्या हट्टी माणसाने सुरू केली, त्याची ही कथा आहे. तिच्या उत्तरार्धाचा आपल्या हैदराबादशी निकटचा संबंध आहे.

फ्रेडरिक सिडने कॉटन याचा जन्म १७ जून १८९४ रोजी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात झाला. पहिल्या महायुद्धात तो ब्रिटिश नौदलाच्या विमानदळात दाखल झाला. त्या काळची विमाने उघडी असत आणि वैमानिक थंडीने गारठून जात. एकदा सोबती कुडकुडत असता आपणास मात्र थंडी बाधली नाही, हे कॉटनच्या ध्यानी आले. त्याच्या अंगात इंजिनाच्या कामाचा, तेलाने माखलेला पोशाख होता. तेवढ्यावरून त्याने १९१७ साली वारा आत न शिरू देणारा ‘सिडकॉट’ पोशाख तयार करविला आणि पुढे अनेक वर्षे ब्रिटिश वैमानिक तो वापरीत राहिले. त्याच वर्षी वरिष्ठांशी खटका उडाल्याने त्याने राजीनामा दिला. पुढील वीस वर्षांत त्याने न्यूफाउंडलंडच्या बर्फात विमानातून सील प्राण्यांचे कळप शोधण्यापासून रंगीत फिल्मच्या व्यापारापर्यंत नाना उद्योग केले.

हा व्यापारच १९३९ साली ब्रिटिश हेरखात्याच्या उपयोगी पडला. कामानिमित्त जर्मनीत जाणाऱ्या व्यापाऱ्याचा संशय कोण घेणार? कॉटनने आपल्या लॉकहीड विमानाच्या पोटात कॅमेरे बसविले. त्यांच्यावर सरकती झाकणे होती. उंचावर भिंगांवर बाष्प जमू नये म्हणून इंजिनाकडील उष्ण हवा तेथे खेळविली होती.

आता रंगाकडे वळू. लंडनजवळच्या हेस्टन विमानतळावरून जोधपूरच्या महाराजांचे फिकट हिरवे विमान उडाले आणि पाहता पाहता आकाशात दिसेनासे झाले. ते पाहून कॉटनला आपला रंग सुचला, असे सांगतात. बदकाच्या अंड्याच्या कवचासारख्या त्या हिरवट छटेला ‘कॅमोटिंट’ हे नाव मिळाले. निसर्गाला ही युक्ती पूर्वीपासून ठाऊक आहे. आम्हां कोकणीभाषकांच्या नित्य परिचयाचा बांगडाच घ्या ना! त्याची पाठ समुद्रासारखी निळसर व पोट उजेडासारखे रुपेरी असते.

युद्ध सुरू होताच कॉटनला एक छोटी तुकडी देण्यात आली. मोठी, मंद, बंदुका मिरविणारी विमाने छायाचित्रे घेण्यास पाठविणे म्हणजे वैमानिकांना मृत्यूच्या दारी धाडणे, हे त्याने व त्याचा तरुण सहकारी मॉरिस लाँगबॉटम याने ओळखले होते. मोठ्या खटपटीने त्याने दोन स्पिटफायर विमाने मिळविली, त्यांच्या बंदुका काढल्या, फटी बुजवून पृष्ठभाग गुळगुळीत केला आणि त्यावर कॅमोटिंट चढविला. १८ नोव्हेंबर १९३९ रोजी लाँगबॉटम फ्रान्समधून जर्मन सरहद्दीवरील आखेनच्या दिशेने उडाला, आणि एका नव्या शास्त्राचा प्रारंभ झाला. पुढे सुमारे तीस हजार फुटांवरून उडणाऱ्यांसाठी गडद निळा रंग आला, कारण तेथे आकाशच गडद असते. ढगांच्या खालून, पहाटे वा सायंकाळी जाणाऱ्यांना फिकट गुलाबी रंग मिळाला. जमिनीवर हास्यास्पद दिसणारा हा रंग ढगांच्या पार्श्वभूमीवर ओळखू येत नसे.

पण कचेरीचे नियम कॉटनने कधी मानलेच नाहीत. वरिष्ठांना डावलून कामे उरकण्याच्या त्याच्या सवयीला विमानखाते विटले, आणि जून १९४० मध्ये त्याला पदावरून दूर करण्यात आले. तुकडी वाढत गेली; तो बाहेरच राहिला. १९४१ साली त्याला एक किताब मिळाला, एवढेच. हा त्याच्यावर अन्याय होता, असे आम्हांस वाटते.

मात्र याच माणसाने १९४८ साली कराचीहून लँकॅस्ट्रियन विमाने भरून शस्त्रास्त्रे निजामाच्या राज्यात आणली. भारतात सामील होऊ इच्छिणाऱ्या मराठवाड्यातील व तेलंगणातील प्रजेवर त्या काळी रझाकारांचे अत्याचार चालू होते. कॉटनचे धाडस तेच, कौशल्य तेच. पण या वेळी ते सौद्यासाठी राबले. येथे त्याचा कैवार घेणे आम्हांस शक्य नाही. १३ सप्टेंबर रोजी भारतीय सेना राज्यात शिरली व १७ तारखेस निजाम शरण आला. पुढे इंग्लंडात कॉटनला या उड्डाणांबद्दल दोनशे पौंड दंड झाला.

१३ फेब्रुवारी १९६९ रोजी इंग्लंडात त्याचे निधन झाले. त्याच्या अस्थी क्वीन्सलंडला नेण्यात आल्या.