रमाईच्या लुगड्याचा दंड

दरवर्षी ७ फेब्रुवारीला नांदेड-लातूरच्या वस्त्यावस्त्यांतून माता रमाईची जयंती साजरी होते. ठिगळाच्या लुगड्याचा उल्लेख झाल्याशिवाय एकही भाषण संपत नाही. ऐकणारे डोळे पुसतात आणि घरी जातात. पण त्या ठिगळाचा अर्थ आम्ही समजून घेतला आहे काय? आम्ही त्याला फक्त गरिबीची खूण मानतो. ती गरिबीची खूण होतीच, पण तेवढीच नव्हती.

रमाईचा जन्म १८९८ चा, दापोलीजवळच्या वणंद गावचा. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहत. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले आणि भावंडांसह ती मुंबईला नातलगांकडे आली. अजाण वयातच, भायखळ्याचा बाजार उठल्यावर रात्री त्याच जागेत भीमरावांशी तिचे लग्न लागले. १९१३ मध्ये बाबासाहेब अमेरिकेला गेले, तेथून लंडनला. १९१७ मध्ये परतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. या सर्व वर्षांत परळच्या चाळीतला संसार रमाईने ओढला. तिने डोक्यावर शेणाच्या पाट्या वाहिल्या, हे बाबासाहेबांनीच पुढे 'बहिष्कृत भारत'मध्ये नोंदवून ठेवले आहे.

अशा घरात लुगडे फाटले म्हणून टाकता येत नसते. नऊवारी लुगडे बसण्या-उठण्याच्या जागी आधी विरते, दोन्ही टोके मात्र शाबूत राहतात. मग विरलेला भाग कापून काढायचा, उरलेले दोन तुकडे जोडून दंड घालायचा आणि ती शिवण निऱ्यांत दडवायची. लहान भोक असेल तर त्याच रंगाच्या दोऱ्याने रफू, मोठे असेल तर ठिगळ. नेसण्याजोगे उरले नाही की त्याचे लेकराला दुपटे, आणि शेवटी वाकळीचा थर. आमच्या मराठवाड्यातल्या आयाबाया हेच करीत आल्या. आमच्या काळ्या कोटाची उसवलेली बाही आमच्या आईनेच शिवून दिली, तोच कोट घालून आम्ही पहिल्यांदा कोर्टात उभे राहिलो.

आता या सुईदोऱ्याच्या मागचा इतिहास पाहू. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळांसाठी प्रेतावरची वस्त्रे ठरवून दिली. लातूरला लागूनच असलेल्या बिदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क दिल्याची परंपरा सांगितली जाते, त्यातही प्रेतावरचे कापड हा एक हक्क! दुसऱ्याच्या मढ्यावरचे कापड ज्यांच्या वाट्याला हक्क म्हणून टाकले गेले, त्या समाजातल्या बाईने स्वतःच्या कष्टाचे लुगडे पुन्हापुन्हा शिवून नेसणे ही साधी गोष्ट नव्हे. उतरलेले घेणार नाही, माझे आहे तेच नीट करीन, हा त्यातला बाणा आहे.

चिमुकला गंगाधर गेला तेव्हा कफनाला पैसे नव्हते आणि रमाईने आपल्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला, ही आठवण चळवळीत घरोघर सांगितली जाते. त्या तुकड्याचे मोल बावन्न हक्कांहून मोठे आहे.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली. त्यानंतर लगेच तेथे जमलेल्या स्त्रियांशी बाबासाहेब बोलले. लुगड्याला ठिगळे असली तरी चालतील, पण ते स्वच्छ असावे आणि नेसण्याच्या तऱ्हेवरून कोणी जात ओळखू नये, असा त्या उपदेशाचा आशय होता. ठिगळाची लाज त्यांनी काढून टाकली आणि गुलामीची लाज शिकवली. स्त्रियांनी लुगडी नेसण्याची पद्धत तेथेच बदलली.

रमाईने स्वतःसाठी काटकसर केली, इतरांसाठी नाही. धारवाडला वराळे यांच्या वसतिगृहातील मुलांची उपासमार पाहून तिने आपल्या हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्याचे सांगतात. २७ मे १९३५ रोजी राजगृहात तिचे निधन झाले. वय अवघे सदतीस. १९४० मध्ये बाबासाहेबांनी आपला पाकिस्तानविषयक ग्रंथ तिला अर्पण केला.

या सदतीस वर्षांचा हिशेब आम्ही मांडत नाही, हे आमचे दुखणे आहे. पाच लेकरांपैकी चार गेली, पुढे शरीर आजाराने पोखरले. तरीही आमच्यातले काही पुरुष घरच्या बाईला रमाईचा दाखला देतात: ती ठिगळाचे नेसली, मग तुझी तक्रार कशाला? हा रमाईचा अपमान आहे. चळवळीच्या वर्गणीत हात सैल आणि बायकोच्या औषधाला हात आखडता, याला त्याग म्हणत नाहीत. रमाईने जे सोसले ते पुढच्या लेकीसुनांना सोसावे लागू नये, यासाठीच बाबासाहेब झिजले.

संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. तरीही आमच्या पोराने चांगला शर्ट घातला की अजून काहींच्या डोळ्यात खुपते, हे आम्ही वकील म्हणून पाहतो. म्हणून कपड्याचा प्रश्न आजही स्वाभिमानाचा आहे. फाटलेले घरी शिवावे, त्यात कमीपणा नाही. सुई बाईच्याच हाती का, पुरुषानेही धरावी. मात्र घरच्या बाईला फाटक्यात ठेवून चौकात रमाईचा जयजयकार करू नये.