लक्ष्मणराव किर्लोस्कर
लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (२० जून १८६९, गुर्लहोसूर – २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी यंत्रनिर्माते व उद्योजक होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत ते अध्यापन करीत. बढती डावलली गेल्याने त्यांनी राजीनामा दिला.

बेळगावात भावासह सायकलींचे दुकान चालवून त्यांनी पुढे लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असल्याने तो खपेना. घडविण्यापेक्षा विकणेच अवघड ठरले. त्यातच नगरपालिकेने कारखान्याची जागा घेतली. तेव्हा औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ जमीन दिली (औंध आज सातारा जिल्ह्यात, ही जमीन सांगलीत). निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी १९२० मध्ये निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’चेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले.