ताराबाई मोडक : वस्तीच्या अंगणातील शाळा

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केल्यावर १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीस बालवाडी सुरू केली. वंचित वस्त्यांतील मुले मात्र तेथे येईनात. आईबाप मजुरीला जात. थोरल्यांच्या कडेवर धाकटी भावंडे असत. ताराबाईंनी पालकांना दोष दिला नाही. शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. घर आणि वर्ग यांतील उंबरठा तेथे मिटला. पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत अनुताई वाघ यांच्यासह हे कार्य विस्तारले. १९७३ मध्ये ताराबाई निवर्तल्या. १९७५ च्या शासकीय योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचवले. पालकसभेत रिकाम्या खुर्च्या दिसल्या, तर आपण शिक्षकांनीच त्या घरांची वाट धरावी.