जॉन मॅकग्रेगर (नौकाविहारी)

जॉन मॅकग्रेगर (२४ जानेवारी, इ.स. १८२५ – १६ जुलै, इ.स. १८९२) हे ब्रिटिश वकील, प्रवासी, लेखक आणि समाजकार्यकर्ते होते. नद्या व सरोवरांतून लहान, एकट्याने वल्हवायच्या नौकेतून केवळ आनंदासाठी प्रवास करण्याची प्रथा युरोपात रूढ करण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. आपल्या नौकेला त्यांनी 'रॉब रॉय' हे नाव दिले होते. स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशात लोककथांचा नायक ठरलेला रॉब रॉय हा मॅकग्रेगर कुळातलाच होता. पुढे हे नाव नौकेपुरते न राहता लोक खुद्द जॉन मॅकग्रेगर यांनाही 'रॉब रॉय' म्हणून ओळखू लागले.

जन्म आणि 'केंट' जहाजाची आग

मॅकग्रेगर यांचा जन्म इंग्लंडमधील केंट परगण्यातील ग्रेव्ह्सएंड येथे झाला. त्यांचे वडील डंकन मॅकग्रेगर हे ब्रिटिश सैन्याच्या ३१व्या पायदळ पलटणीत मेजर होते. ही पलटण फेब्रुवारी १८२५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या 'केंट' या जहाजातून बंगालकडे निघाली. अवघ्या काही आठवड्यांचा जॉनही आईवडिलांबरोबर या जहाजावर होता.

१ मार्च १८२५ रोजी बिस्केच्या उपसागरात जहाज वादळात सापडले. तळघरातील सामानाची पाहणी करताना मद्याच्या एका पिंपावर दिव्याची ज्योत पडून आग लागली. जहाजावर सहाशेहून अधिक माणसे होती आणि तळाशी दारूगोळा होता. सर्व संपले असे वाटून डंकन मॅकग्रेगर यांनी एक चिठ्ठी लिहिली व बाटलीत बंद करून ठेवली. त्याच सुमारास 'कँब्रिया' नावाचे एक लहान जहाज दृष्टीस पडले. खवळलेल्या समुद्रातून छोट्या होड्यांनी फेऱ्या मारून पाचशेहून अधिक माणसांना त्यावर पोचवले. पहिल्याच होडीतून नेलेल्यांमध्ये तान्हा जॉन होता. त्या रात्री दारूगोळ्याचा स्फोट होऊन 'केंट' नष्ट झाले. डंकन यांची बाटली सुमारे दीड वर्षानंतर अटलांटिकच्या पलीकडे बार्बाडोस बेटाच्या किनाऱ्याला लागलेली सापडली.

डंकन मॅकग्रेगर यांनी या दुर्घटनेचा लिहिलेला वृत्तान्त बराच वाचला गेला. पुढे ते आयर्लंडच्या पोलीस दलाचे प्रमुख झाले. मोठे जहाज जळत असताना आपला जीव एका लहान होडीने वाचवला, ही कथा जॉन यांच्या घरात लहानपणापासून सांगितली जात असे.

शिक्षण व व्यवसाय

मॅकग्रेगर यांनी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात व नंतर केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिक्षण घेतले. इ.स. १८४७ मध्ये त्यांनी गणित विषयात सन्मानासह पदवी मिळवली. इ.स. १८५१ मध्ये इनर टेंपल येथून ते बॅरिस्टर झाले आणि त्यांनी पेटंटविषयक कायद्याचा विशेष अभ्यास केला. यंत्रविद्येची त्यांना विद्यार्थिदशेपासून आवड होती. ते चांगले चित्रकारही होते व आपल्या प्रवासवर्णनांतील चित्रे त्यांनी स्वतः काढली. घरची सांपत्तिक स्थिती चांगली असल्यामुळे वकिलीवर त्यांना अवलंबून राहावे लागले नाही. त्यांचा बहुतेक वेळ प्रवास व समाजकार्य यांत गेला. या काळात त्यांनी युरोप, इजिप्त, पॅलेस्टाइन, रशिया, उत्तर आफ्रिका व उत्तर अमेरिका येथे प्रवास केला.

समाजकार्य

मॅकग्रेगर हे निष्ठावान प्रोटेस्टंट ख्रिस्ती होते. लंडनमधील निराधार मुलांसाठी विनाशुल्क चालणाऱ्या 'रॅगेड स्कूल' या शाळांच्या चळवळीत त्यांनी अनेक वर्षे काम केले. इ.स. १८५१ मध्ये लंडनला भरलेल्या महाप्रदर्शनासाठी देशोदेशीचे प्रवासी येणार होते. ही संधी साधून त्यांनी सहकाऱ्यांसह बूटपॉलिश करणाऱ्या मुलांचे एक पथक उभारले. रस्त्यावरच्या मुलांना गणवेश, ठरलेली जागा व साहित्य देण्यात आले. कमाईचा काही भाग मुलाच्या हाती, काही त्याच्या नावे बचतीत व काही संस्थेच्या खर्चासाठी अशी वाटणी केली जाई. भिक्षा न देता काम व बचत यांतून मुलांना उभे करण्याचा हा प्रयोग प्रदर्शन संपल्यावरही चालू राहिला. इ.स. १८५३ मध्ये स्थापन झालेल्या 'ओपन एअर मिशन' या धर्मप्रसारक संस्थेच्या संस्थापकांत ते होते.

'रॉब रॉय' नौका

उत्तर अमेरिकेच्या प्रवासात मॅकग्रेगर यांनी तेथील मूळ रहिवाशांच्या हलक्या नौका पाहिल्या होत्या. इ.स. १८६५ मध्ये त्यांनी लंडनमधील लँबेथ येथील सर्ल यांच्या कारखान्यात स्वतःच्या कल्पनेप्रमाणे नौका बांधून घेतली. ती मुख्यतः ओक लाकडाची होती व तिच्या पुढच्या-मागच्या भागांवर देवदार जातीच्या लाकडाचे आच्छादन होते. तिची लांबी १५ फूट, रुंदी २८ इंच, खोली ९ इंच आणि वजन ८० पौंड, म्हणजे सुमारे ३६ किलोग्रॅम होते. अवघे ३ इंच पाणी तिला तरंगण्यास पुरे होई. दोन्ही टोकांना पाती असलेले ७ फुटी वल्हे आणि वारा अनुकूल असेल तेव्हा उभारण्यासाठी लहान शीड ही तिची साधने होती. जर्मनीच्या रेल्वेच्या डब्यात मावावी म्हणून नौकेची लांबी १५ फूटच ठेवण्यात आली होती.

नेहमीच्या वल्हवायच्या होडीत नावाड्याची पाठ प्रवासाच्या दिशेला असते. वल्ही होडीच्या कडेच्या खुंट्यांत अडकवलेली असल्यामुळे अरुंद प्रवाहात ती खडकांना किंवा काठाला लागतात. 'रॉब रॉय'मध्ये मात्र वल्हवणारा समोर तोंड करून खाली बसत असे आणि वल्हे मोकळे हातात धरत असे. त्यामुळे पुढचा खडक, भोवरा किंवा धार त्याला वेळीच दिसे. पाणी संपले तर तो उतरून नौका ओढून नेऊ शके. बांध किंवा धबधबा आला तर ती उचलून पलीकडे नेता येई, आणि एका नदीतून दुसरीत जाण्यासाठी बैलगाडी किंवा रेल्वे असे. या सोयींमुळे मोठ्या जहाजांना बंद असलेले जलमार्ग एकट्या प्रवाशाला खुले झाले.

१८६५चा प्रवास

इ.स. १८६५च्या उन्हाळ्यात मॅकग्रेगर थेम्स नदीतून निघाले. इंग्लिश खाडी त्यांनी आगबोटीने ओलांडली. त्यानंतर म्यूज, ऱ्हाइन, माइन, डॅन्यूब, रॉइस, आर, मोझेल, मार्न व सेन या नद्यांतून आणि कॉन्स्टन्स, झुरिक, झुग व ल्युसर्न या सरोवरांतून त्यांनी प्रवास केला. डॅन्यूब नदीत ते तिच्या उगमाजवळ, डोनाउएशिंगेन येथे उतरले आणि उल्मपर्यंत गेले. सुमारे तीन महिन्यांच्या या प्रवासात त्यांच्याजवळ एका लहान पिशवीत मावेल एवढेच सामान होते. रात्रीचा मुक्काम ते खाणावळीत करत. रविवारी प्रवास न करण्याचा नियम त्यांनी पाळला. वाटेत धार्मिक पत्रके वाटण्याचे कामही चालू असे.

या प्रवासाचे वर्णन इ.स. १८६६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले व त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. नौका कशी असावी, सामान किती घ्यावे, वेगवान प्रवाहातून कसे जावे याची माहिती त्यात होती. त्यामुळे वाचकांना तो प्रवास स्वतः करून पाहण्यासारखा वाटला. 'रॉब रॉय' जातीच्या नौकांना मागणी येऊ लागली.

पुढील प्रवास

इ.स. १८६६ मध्ये मॅकग्रेगर यांनी पहिलीपेक्षा लहान नौकेतून नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क व बाल्टिक समुद्राच्या परिसरात प्रवास केला. इ.स. १८६७ मध्ये २१ फूट लांबीच्या शिडाच्या नौकेतून ते पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी गेले व परतताना एकट्याने इंग्लिश खाडी ओलांडून आले.

त्यांचा सर्वांत धाडसी प्रवास इ.स. १८६८-६९ मधला होय. तेव्हा उद्घाटन न झालेल्या सुएझ कालव्यातून, नाईल नदीतून व तांबड्या समुद्रातून नौका वल्हवल्यावर ते लेबनॉनचा डोंगर ओलांडून दमास्कसच्या परिसरातील नद्यांत आले. तेथून ते जॉर्डन नदीच्या उगमाकडे वळले. उगमाच्या खालच्या बाजूला असलेल्या हुला दलदलीत स्थानिक अरबांनी त्यांना पकडले. मॅकग्रेगर नौकेतून उतरेनात, तेव्हा त्या लोकांनी त्यांना नौकेसह खांद्यावर उचलून शेखच्या तंबूकडे नेले. वाटाघाटींनंतर त्यांची सुटका झाली. पपायरसच्या दाट वाढीमुळे पायी किंवा घोड्यावरून जाणाऱ्यांना ही दलदल अगम्य होती. मॅकग्रेगर यांनी नौकेतून तिची पाहणी करून नदीच्या मार्गाचा नकाशा तयार केला. विसाव्या शतकाच्या मध्यावर हुला सरोवर व दलदल यांतील बहुतेक पाणी उपसून जमीन कोरडी करण्यात आली. त्यामुळे हे वर्णन आज नाहीशा झालेल्या एका जलप्रदेशाची नोंद म्हणूनही मोलाचे आहे.

रॉयल कॅनू क्लब

इ.स. १८६६ मध्ये मॅकग्रेगर यांच्या पुढाकाराने लंडनजवळील रिचमंड येथे 'कॅनू क्लब'ची स्थापना झाली. अशा प्रकारचा हा जगातील पहिला क्लब मानला जातो. पुढल्या वर्षी क्लबने पहिल्या शर्यती भरवल्या आणि प्रिन्स ऑफ वेल्स (नंतरचे राजे सातवे एडवर्ड) यांनी त्याचे प्रमुखपद स्वीकारले. इ.स. १८७३ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या संमतीने क्लबच्या नावात 'रॉयल' शब्द जोडला गेला.

अखेरची वर्षे

इ.स. १८७० मध्ये लंडनचे स्कूल बोर्ड स्थापन झाले, तेव्हा मॅकग्रेगर ग्रिनिच विभागातून त्यावर निवडून आले, इ.स. १८७३ मध्ये त्यांची पुन्हा निवड झाली. गरीब मुलांच्या औद्योगिक शाळांच्या प्रश्नात त्यांनी विशेष लक्ष घातले. प्रवासावर दिलेल्या व्याख्यानांचे उत्पन्न ते धर्मादाय संस्थांना देत. इ.स. १८७३ मध्ये नौदल अधिकारी सर जेम्स क्रॉफर्ड कॅफिन यांची कन्या ॲनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुली होत्या. १६ जुलै १८९२ रोजी बोर्नमथजवळील बॉसकोम येथे त्यांचे निधन झाले. एडविन हॉडर यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र इ.स. १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रभाव आणि मूल्यमापन

मॅकग्रेगर यांच्या पुस्तकांनी प्रेरित होऊन अनेकांनी असे प्रवास केले. स्काउट चळवळीच्या संस्थापकांचे थोरले बंधू वॉरिंग्टन बेडन-पॉवेल यांनी बाल्टिक प्रवासावर पुस्तक लिहिले. कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी इ.स. १८७६ मध्ये एका मित्रासह बेल्जियम व फ्रान्सच्या जलमार्गांतून प्रवास केला आणि त्यावर आपले पहिले प्रवासवर्णन लिहिले. इ.स. १८७१ मध्ये न्यूयॉर्कला व इ.स. १८८० मध्ये अखिल अमेरिकी पातळीवर कॅनू संघटना स्थापन झाल्या. इ.स. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकपासून या खेळात पदके दिली जाऊ लागली.

मॅकग्रेगर यांना या नौकेचे जनक म्हणणे मात्र अचूक नाही. वरून झाकलेली, दुपाती वल्ह्याची एकट्याची नौका ग्रीनलंड व आर्क्टिक अमेरिकेतील इन्युइट लोक शतकानुशतके वापरत आले आहेत. लाकूड किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून बनवलेली ही नौका, म्हणजे कयाक, त्यांच्या शिकारीचे आणि जगण्याचे साधन होती. 'रॉब रॉय' ही रचनेने कयाकच्या जवळची असूनही मॅकग्रेगर तिला कॅनू म्हणत. त्यामुळे ब्रिटनमध्ये दोन्ही नौकांसाठी एकच शब्द वापरण्याची पद्धत दीर्घकाळ टिकली आणि मूळ निर्मात्यांचे ऋण काहीसे झाकले गेले. त्यांच्या लेखनात इतर समाज व पंथांविषयी व्हिक्टोरियाकालीन पूर्वग्रहही दिसतात. पोट भरण्याच्या साधनाला छंदाचे रूप देणे आणि तो छंद सामान्य वाचकाच्या आवाक्यात आणणे, हे त्यांचे खरे कार्य होय.

भारतात या खेळाची राष्ट्रीय संघटना इ.स. १९८५ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्रात पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा इ.स. १९२८ मध्ये सुरू झालेला बोट क्लब आणि मुळा-मुठा नद्यांच्या पाण्यावरील त्याचा 'रेगाटा' प्रसिद्ध आहे. रायगड जिल्ह्यातील कोलाड येथे कुंडलिका नदीत, भिरा जलविद्युत केंद्रातून सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर, राफ्टिंग व कयाकिंग चालते.

ग्रंथसंपदा

- रॉब रॉय नौकेतून युरोपच्या नद्या व सरोवरांवरील हजार मैलांचा प्रवास (१८६६)
- बाल्टिकवरील प्रवास (१८६७)
- शिडाच्या नौकेतून एकट्याने केलेला प्रवास (१८६७)
- जॉर्डन नदीवरील प्रवास (१८६९)