नटश्रेष्ठ कॉनराड फाइट

नटाचे काम सोंग वठविण्याचे. तो आज राजा होतो, तर उद्या चोर. पण तोंडाचा रंग पुसल्यावर तो कसा वागतो, यावरून त्याची माणूस म्हणून पारख होते. जर्मनीचे विख्यात चित्रपटनट कॉनराड फाइट या कसोटीस पुरेपूर उतरले.

फाइट यांचा जन्म २२ जानेवारी १८९३ रोजी बर्लिन शहरी झाला. थोर नाट्यदिग्दर्शक मॅक्स राइनहार्ट यांच्या नाटकगृहात त्यांनी अभिनयाचे धडे घेतले. इतक्यात १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि त्यांना सैन्यात जावे लागले. पूर्व आघाडीवर आजाराने त्यांची प्रकृती ढासळली. १९१७ साली लष्करी सेवेतून मुक्त होताच ते पुन्हा रंगभूमीकडे वळले.

त्या काळी चित्रपट मुके होते. जे सांगायचे ते नजरेने आणि हावभावांनीच सांगावे लागे. उंच, सडपातळ अंगाच्या फाइट यांना ही कला उत्तम साधली. १९२० साली 'द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी' या चित्रपटात त्यांनी झोपेत चालणाऱ्या तरुणाची भूमिका केली आणि त्यांची कीर्ती देशोदेशी पसरली.

१९३३ साली जर्मनीची सत्ता हिटलरच्या नाझी पक्षाच्या हाती गेली. ज्यू लोकांचा छळ सुरू झाला. चित्रपटात काम करणाऱ्यांना आपला वंश कोणता, हे लिहून देण्याचा हुकूम सुटला. फाइट स्वतः ज्यू नव्हते. खरे ते लिहिले असते, तर त्यांचा मानमरातब जर्मनीत कायम राहिला असता. परंतु त्यांची पत्नी लिली ज्यू होती. फाइट यांनी आपणही ज्यू असल्याचे लिहून दिले आणि त्याच वर्षी पत्नीसह इंग्लंडची वाट धरली.

परक्या देशी, परक्या भाषेत त्यांनी पुन्हा नाव मिळविले. १९३९ साली ते ब्रिटिश नागरिक झाले. 'द थीफ ऑफ बगदाद' या १९४० सालच्या चित्रपटात त्यांनी कपटी वजीर जाफर रंगविला. त्यात म्हैसूरकडचा साबू हा मुलगा त्यांच्यासमवेत होता. पुढे अमेरिकेत १९४२ साली 'कॅसाब्लँका' चित्रपटात ते नाझी अधिकारी झाले. ज्या राजवटीपायी मायदेश सोडावा लागला, तिचा क्रूरपणा त्यांनी पडद्यावर जसाच्या तसा उभा केला.

३ एप्रिल १९४३ रोजी हृदयविकाराने लॉस एंजेलिस येथे त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे पन्नास वर्षांचे होते. १९४५ साली नाझी सत्ता धुळीस मिळाली. तो दिवस त्यांना पाहावयास मिळाला नाही. पडद्यावर त्यांनी अनेक दुष्ट माणसे रंगविली. परंतु अन्यायाची वेळ आली, तेव्हा छळ सोसणाऱ्यांच्या बाजूला ते स्वतः होऊन जाऊन उभे राहिले.