कै. रेव्हरंड बाबा पदमनजी: एका वाचकाचा कथालेखक कसा झाला

गारखेडा हें एके काळीं औरंगाबाद शहराबाहेरचें लहानसें खेडें होतें. आज तें छत्रपती संभाजीनगराच्या वस्तींत मिसळून गेलें आहे. अशा खेड्यांपाड्यांतून काम करणाऱ्या उपदेशकांपुढें एक प्रश्न पूर्वीं येत असे, व अजूनही कोठें कोठें येतो. ख्रिस्ती माणसानें कादंबरी वाचावी काय? जें कधीं घडलें नाहीं तें घडल्यासारखें सांगणें हें असत्य नव्हे काय? पवित्र शास्त्र घरांत असतां कल्पित गोष्टींत वेळ घालविणें बरें काय? प्रश्न प्रामाणिक आहे, आणि तो हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. परंतु वादविवादापेक्षां एका मनुष्याच्या चरित्रानेंच त्याचें उत्तर द्यावें, असें आम्हांस वाटतें. तो मनुष्य म्हणजे मराठी ख्रिस्ती मंडळीचे थोर ग्रंथकार कै. रेव्हरंड बाबा पदमनजी.

बाबांचा जन्म इ. स. १८३१ च्या मे महिन्यांत बेळगांव येथें एका कासार कुटुंबांत झाला. त्यांचें आडनांव मुळे. पण स्वतःचें नांव व त्यापुढें वडिलांचें नांव, एवढ्यावरच ते महाराष्ट्रांत ओळखले गेले. वडील सरकारी नोकरींत होते. घरांत देवधर्म, व्रतें व सणवार हीं सर्व यथासांग चालत, व मुलगाही त्यांत मनापासून रमे.

त्या काळीं पुस्तक ही वस्तु आजच्यासारखी सुलभ नव्हती, हें आमच्या तरुण वाचकांनीं लक्षांत घ्यावें. मराठी घरांत वाचन म्हणजे पोथी. पांडवप्रताप, हरिविजय, शिवलीलामृत यांसारखे ग्रंथ एकानें वाचावे व दहांनीं ऐकावे, अशी रीत होती. छापलेलीं मराठी पुस्तकें बोटांवर मोजण्याइतकीं. बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ निघालें तें १८३२ सालीं, म्हणजे बाबा अद्याप पाळण्यांत होते. अमेरिकन मिशनचें ‘ज्ञानोदय’ १८४२ सालीं अहमदनगरास निघालें, तेव्हां ते अकरा वर्षांचे होते. मराठी छापखाना व हा मुलगा असे दोघे जणूं बरोबरच वाढले. बेळगांवच्या मिशन शाळेंत आरंभींचें शिक्षण झाल्यावर ते मुंबईस गेले, व तेथें फ्री चर्च मिशनच्या विद्यालयांत शिकले. मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांचीं दारें त्यांस उघडलीं, आणि एकदां लागलेला पुस्तकांचा नाद मरेपर्यंत सुटला नाहीं.

पुस्तकें मन रमवितात हें सर्वांस ठाऊक आहे. पण तीं मन अस्वस्थही करितात. बाबा वाचूं लागले ते तुलना करूं लागले, आणि तुलना करूं लागले ते शंका घेऊं लागले. हिंदु धर्माचे ग्रंथ व ख्रिस्ती ग्रंथ हे दोन्ही त्यांनीं शोधकबुद्धीनें पाहिले. त्याच सुमारास, १८४९ सालीं, मुंबईंत परमहंस सभा स्थापन झाली होती. दादोबा पांडुरंग हे तिच्या अग्रणींपैकीं एक होते. जातिभेद खोटा व ईश्वर एक, असें मानणारे शिकलेले तरुण तेथें गुप्तपणें जमत, प्रार्थना करीत व निरनिराळ्या जातींचे असूनही एकत्र खात. बाबाही त्या सभेंत होते. परंतु बंद खोलींत मोडलेली जात बाहेर येतांच पुन्हां पाळावयाची, अशी त्या सभेची मोठी अडचण होती. जें मनास पटलें तें उघडपणें पाळावें किंवा लपवून ठेवावें, हा प्रश्न प्रत्येक सभासदापुढें उभा असे.

बाबांनीं आपला निर्णय केला, व ३ सप्टेंबर १८५४ रोजीं बेळगांव येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. वय अवघें तेवीस. ह्या गोष्टीचें मोल काय असतें, हें आमच्या गांवोगांवच्या बंधुभगिनींस निराळें सांगावयास नको. विहिरीवरची जागा, पंगतींतलें पान व सोयऱ्यांच्या घरचा उंबरा हीं एकाच दिवशीं परकीं होतात. लहानपणापासून जीं दारें आपलीं म्हणून उघडलीं तींच दारें लागलेलीं पाहणें, हें दुःख लहान नव्हे. बाबांनीं तें पत्करिलें.

लिहावयास त्यांनीं बाप्तिस्म्यापूर्वींच आरंभ केला होता. स्त्रियांस विद्या द्यावी अशा आशयाचा निबंध त्यांनीं विद्यार्थिदशेंत लिहिला होता. पण निबंध कोण वाचितो? ज्यास वाचतां येतें व ज्यास त्या विषयाची आधींच गोडी आहे तो. ज्या स्त्रीविषयीं निबंध लिहिला ती तर स्वयंपाकघरांत, अक्षरशत्रु ठेविलेली. कोंवळ्या वयांत विधवा झालेली मुलगी, तिचें केशवपन, तिचा उपास, घरांतील तिची अवहेलना, हीं सर्वांच्या डोळ्यांसमोर असत. म्हणूनच तीं कोणास दिसत नसत. १८५६ सालीं सरकारनें विधवांच्या पुनर्विवाहास मान्यता देणारा कायदा केला. पण कायद्याच्या कागदानें सासूचें मन वितळत नाहीं, व बापाचें भयही जात नाहीं.

पुढच्याच वर्षीं, १८५७ सालीं, बाबांचें ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झालें. यमुना ही शिकलेली तरुण स्त्री. तिचा पति विनायक मिशन शाळेंत शिकलेला व सुधारलेल्या मतांचा. तीं दोघें प्रवासास निघतात, व ठिकठिकाणीं त्यांस विधवा भेटतात. प्रत्येकीची कहाणी निराळी, पण दुःख एकच. यमुना ऐकते, विचारते, कळवळते. आणि मग वाचकाच्या काळजास धक्का बसावा अशी गोष्ट घडते. प्रवासांतच अपघात होऊन विनायक मरण पावतो. मरतेसमयीं तो ख्रिस्तावरील आपला विश्वास प्रकट करितो. जी दुसऱ्यांचीं दुःखें ऐकत होती, तिच्यावरच तें दुःख कोसळतें. सासरीं तिचा छळ होतो, केशवपनाचा आग्रह होतो. शेवटीं ती त्यांतून सुटते, बाप्तिस्मा घेते, व एका ख्रिस्ती गृहस्थाशीं तिचा पुनर्विवाह होतो.

मराठींत स्वतंत्रपणें लिहिलेली ही पहिली कादंबरी असें आज बहुतेक अभ्यासक मानितात. हरि केशवजी यांचें ‘यात्रिकक्रमण’ १८४१ सालींच निघालें होतें, पण तें बन्यनच्या इंग्रजी पुस्तकावरून केलेलें. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची, व गुंजीकरांचें ‘मोचनगड’ १८७१ सालचें. बाबांपुढें मराठींत गिरविण्यास कित्ता नव्हता. राजे, राक्षस व अद्भुत चमत्कार सोडून त्यांनीं आपल्याच देशांतील, आपल्याच काळांतील, शेजारच्या घरांतील स्त्री कथेंत आणिली. उपदेशपर पुस्तक म्हणून पुष्कळांनीं तें बाजूस ठेविलें, व साहित्याच्या इतिहासांत त्याला योग्य जागा मिळावयास फार काळ लागला.

ह्या पुस्तकांत दोष नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. पात्रें पुष्कळ ठिकाणीं बोलत नाहींत, व्याख्यान देतात. गोष्ट थांबून वाद सुरू होतो. शेवट काय होणार हें चाणाक्ष वाचकास आधींच कळतें. ज्यानें आधीं निबंध लिहिले त्याच्या कथेंत निबंधाचा हात दिसावा, यांत नवल नाहीं. तरी त्या काळच्या विधवांच्या स्थितीविषयीं जाणावयाचें असेल त्यास आजही हें पुस्तक उघडावें लागतें.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. नाथान संदेष्टा दाविदाकडे गेला तेव्हां त्यानें राजावर एकदम आरोप ठेविला नाहीं. एका गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट त्यानें सांगितली, व राजाचा राग पेटल्यावर तो राग त्याच्याकडेच वळविला. आमच्या प्रभूनें उधळ्या पुत्राची व दयाळू शमरोन्याची गोष्ट सांगितली, तेव्हां त्या पुत्राचें गांव कोणतें असें कोणीं विचारिलें नाहीं. फसविण्यासाठीं रचिलेली गोष्ट असत्य. डोळे उघडण्यासाठीं रचिलेली गोष्ट दृष्टांत. यमुना कधीं जन्मली नव्हती, पण तिच्यासारख्या हजारों होत्या. बाबांनीं त्या हजारोंस एक नांव दिलें.

कथालेखनानें त्यांचें वाचन संपलें नाहीं. उलट तें अधिक कष्टाचें झालें. १८६० सालीं त्यांनीं ‘शब्दरत्नावली’ हा समानार्थक शब्दांचा कोश काढिला. १८६३ सालीं मोल्सवर्थसाहेबांच्या प्रचंड मराठी-इंग्रजी कोशाचा संक्षेप केला. त्यामुळें गरीब विद्यार्थ्यासही कोश हातीं धरतां आला. एकेक शब्द तोलून पाहण्याचें हें काम. तेथें टाळ्या नाहींत व कीर्तीही बेताचीच. १८६७ सालीं त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली, व त्यांनीं पुण्यास फ्री चर्च मिशनच्या मंडळीची सेवा केली. ‘सत्यदीपिका’ हें मासिक त्यांनीं चालविलें. पुढें मुंबईस राहून बायबल सोसायटी व ट्रॅक्ट सोसायटी यांचें संपादनाचें काम पाहिलें. लहानमोठीं मिळून शंभराहून अधिक पुस्तकें त्यांच्या लेखणींतून उतरलीं.

१८८८ सालीं ‘अरुणोदय’ हें त्यांचें आत्मचरित्र निघालें. मराठींतील आरंभींच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. ज्यानें यमुनेची कल्पित कहाणी लिहिली, त्यानें आतां आपली खरी कहाणी लिहिली: बालपणींची भक्ति, शंका, परमहंस सभा, व अखेर प्रभूच्या पायांशीं येणें. त्या गुप्त सभेविषयीं आज जी माहिती मिळते तींतील बरीचशी ह्याच पुस्तकामुळें राहिली आहे.

२९ ऑगस्ट १९०६ रोजीं, वयाच्या शहात्तराव्या वर्षीं, बाबांनीं इहलोकची यात्रा संपविली.

प्रिय वाचकहो, ह्या चरित्रापासून आम्हीं एवढेंच घ्यावें. जो मनापासून वाचितो त्याच्या ठायीं केव्हांतरी इतरांस कांहीं देण्याची इच्छा उत्पन्न होते. मग तें देणें मोठ्या ग्रंथाचेंच असावें असें नाहीं. ज्या घरांत एकासच अक्षरओळख आहे, तेथें त्यानें रात्रीं जेवणें आटोपल्यावर चार पानें मोठ्यानें वाचावीं. आईनें ऐकावें, म्हातारीनें ऐकावें, पोरींनीं तर अवश्य ऐकावें. कोण जाणे, त्या ऐकणाऱ्या पोरींपैकींच एखादी उद्यां आपल्या गांवची गोष्ट लिहील, आणि आजवर कोणीं पाहिलें नाहीं असें एखादें दुःख त्या गोष्टीमुळें लोकांच्या दृष्टीस पडेल.