डोळ्यांदेखत निघालेली अंत्ययात्रा

माझं माहेर कऱ्हाडजवळचं. तिकडं टेंभू म्हटलं की लोकांना उपसा सिंचन योजना आठवते. पण आमचे अण्णा एस.टी.तून जाताना खिडकीतून हात करून सांगायचे, ते आगरकरांचं गाव. मला त्याचं काही विशेष वाटायचं नाही. शाळेत दोन मार्कांच्या टिपेत ‘थोर समाजसुधारक’ भेटायचे, तेवढीच ओळख.

परवा मात्र ते फार आठवले. आमच्या ओळखीतल्या एका मुलीबद्दल एका पेपरात चार ओळी छापून आल्या. पोरगी घर सोडून गेली, अशा थाटाच्या. आणि पोरगी होती परीक्षेसाठी मावशीकडे! तिची आई आठ दिवस दाराबाहेर पडली नाही. पुढं खुलासा आला, तोही आतल्या पानावर, जाहिरातींच्या गर्दीत. आमच्या घरात त्यावरून चांगलीच जुंपली. ह्यांचं म्हणणं, पेपरला स्वातंत्र्य असायलाच हवं. हवंच की! पण चुकल्यावर काय? मग मी कपाटातलं आगरकरांचं चरित्र काढलं.

गोपाळ गणेश आगरकर. जन्म १४ जुलै १८५६. घरची गरिबी इतकी की शिकायला कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असं नातेवाइकांच्या आणि परक्यांच्या आधारानं फिरावं लागलं. पुण्याला डेक्कन कॉलेजात असताना एकच सदरा होता, रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, असं सांगतात. अशा मुलानं एम.ए. होताना आईला पत्र पाठवलं की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरतं घेऊन बाकीचा वेळ लोकांसाठी घालवणार. मी स्वतः आई आहे. खरं सांगते, मला ते पत्र वाचून आधी कौतुक नाही वाटलं, पोटात कालवलं.

४ जानेवारी १८८१ ला ‘केसरी’ सुरू झाला. पहिले संपादक आगरकर, वय चोवीस. इंग्रजी ‘मराठा’ टिळकांकडे. वर्षभरातच कोल्हापूरचं प्रकरण उभं राहिलं. तिथले तरुण महाराज चौथे शिवाजी, दत्तक आलेले. त्यांना वेडं ठरवून छळ चाललाय अशी बोलवा होती आणि संशय दिवाण माधवराव बर्व्यांवर. पुरावा म्हणून काही पत्रं हाती आली. ह्या दोघांनी त्यावर विसंबून सडकून लिहिलं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि कोर्टात पत्रं बनावट निघाली!

दोघांनी माफी मागितली, पण खटला काही मागे घेतला गेला नाही. जामिनासाठी जोतीराव फुल्यांनी पुढाकार घेतला, हे मला फार मोठं वाटतं. शिक्षा झाली चार महिन्यांची. जुलै १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात गेले, सूट मिळून १०१ दिवसांनी, २६ ऑक्टोबरला सुटले. आत दोघे मित्र रात्र रात्र वाद घालायचे. बाहेर आल्यावर आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलं. आणि कोल्हापूरचे महाराज? डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरला, पहाऱ्यातच, गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत गेले. म्हणजे काळजी खरी होती, पुरावा खोटा होता. पेपरवाल्याची ही केवढी पंचाईत!

पण मला वाटतं, तुरुंग त्यांना सोपा गेला असेल. तिथं समोर सरकार होतं. पुढचं भांडण घरातलं. बालविवाह, विधवांचं केशवपन, मुलींचं शिक्षण, हे आगरकरांना आधी हवं होतं. सहकाऱ्यांना ते इतक्या कडकपणे नको होतं. संपादक असून मनातलं मोकळेपणानं छापता येईना. शेवटी १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला. डोंगरीत एका खोलीत राहिलेले दोघे मित्र पेपरातून एकमेकांवर तुटून पडायला लागले.

ऑक्टोबर १८८८ मध्ये त्यांनी स्वतःचा ‘सुधारक’ काढला. मराठी मजकूर त्यांचा, इंग्रजीला गोपाळ कृष्ण गोखले. मुलींना मुलांसारखंच आणि मुलांबरोबर शिकवा, असं लिहिलं. बायकांनी जाकीट घालावं इथपर्यंत लिहिलं. संमतिवयाचा कायदा आला १८९१ मध्ये, मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करणारा. बाराच हो! त्यावरूनही पुणं पेटलं. आगरकर कायद्याच्या बाजूनं उभे राहिले. सनातनी मंडळींनी त्यांची जिवंतपणी अंत्ययात्रा काढली, ती त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. घरात पत्नी यशोदाबाई, लहान मुलं. कुंकू लावलेल्या बाईच्या कानावर नवऱ्याच्या प्रेतयात्रेचा गलका पडला असेल, तेव्हा तिनं काय केलं असेल? दार लावून घेतलं असेल का?

आणि गंमत बघा, हा माणूस ज्यांच्यासाठी लिहीत होता त्यातल्या बहुतेकींना अक्षरओळखही नव्हती. ‘सुधारक’ विकत घेणार पुरुष, वाचणार पुरुष, आणि चिडणारही तेच. गिऱ्हाइकालाच न आवडणारं छापायचं म्हणजे धंद्याच्या हिशेबानं वेडेपणाच.

दम्यानं त्यांना कायम पोखरलं होतं. १८९२ ला फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले, पण फार दिवस लाभले नाहीत. १७ जून १८९५ ला गेले, वय अडतीस. उशाशी स्वतःच्या अंत्यविधीसाठी वीस रुपयांची पुडी बांधून ठेवलेली सापडली, असं सांगतात.

काल ती मुलगी आमच्याकडे आली होती. संपादकांना पत्र लिहायचंय म्हणाली, खुलासा बातमी आली होती त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरात हवा म्हणून. आईला न सांगता आली होती. कागद काढून बसलो दोघी. तिनं तीनदा खोडलं, चौथ्यांदा आधी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि मग मजकुराला हात घातला.